व्हिडिओत आहे तसं

"नुसता हात आपटू नकोस, थाप मार!" टाक सर ओरडले. "धरणीचं दार ठोठावते आहेस तू. व्हिडिओत बघ, कशी ठोठावतेय ती."

दा-ओन पुन्हा धावली, उंच उडी मारून धाडकन जमिनीवर पडली आणि पडल्या पडल्या तळहाताने जमिनीवर थापा मारू लागली. मागे आडव्या पडलेल्या सगळ्या मुलींनी तशाच थापा मारून तिला उत्तर दिलं. सरांचा साहाय्यक नोह याने लॅपटॉपवरचा जुना व्हिडिओ थांबवला आणि मान हलवली. "सर, हिचा चेहरा कमी पडतोय."

विंगेत उभ्या असलेल्या योन-सुकला शिसारी आली. व्हिडिओतली ती बाई म्हणजे ती स्वतःच होती.

संध्याकाळी प्रयोग होता. कोरियातल्या देगू शहरातल्या त्या नृत्यशाळेत शेवटच्या वर्षाच्या मुली दरवर्षी गाजलेल्या जुन्या रचना करून दाखवत आणि त्यात टाक सरांची 'गाळ' ही ठरलेलीच. दारात फुलांची मोठाली चक्रं लागली होती. त्यांच्या रिबिनींवर मुलींची नावं कुठेच नव्हती, सगळीकडे टाक सर. योन-सुकला त्या फुलांची किळस येत होती, केसांवर फवारलेल्या स्प्रेच्या वासाची येत होती, सरांपुढे कमरेत वाकणाऱ्या आईबापांची येत होती. सगळ्यात जास्त त्या थापेची येत होती.

कारण ती थाप रचनेत कधी नव्हतीच. ती आणि टाक सर पूर्वी ज्या नृत्यमंडळीत नाचत, तिथे तालमीचा एक नियम होता. कुणाला लागलं, उठता येईना, की त्याने तळहाताने जमीन बडवायची आणि जो जवळ असेल त्याने नाच थांबवायचा. व्हिडिओतल्या त्या प्रयोगात उडी मारलेल्या योन-सुकला झेलायचं काम टाक सरांचं होतं. ते क्षणभर उशिरा पोचले. तिच्या गुडघ्याची वाटी फुटली. त्यांच्या डोळ्यांत बघत ती जमीन बडवत राहिली आणि कॅमेरा चालू होता म्हणून ते नाचत राहिले. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, 'धरणीचं दार ठोठावणारी स्त्री'. सरांना ते इतकं आवडलं, की मग तेच खरं ठरलं. लंगड्या योन-सुकला त्यांनी या शाळेत मुलींकडून व्यायाम करून घेण्याची नोकरी लावून दिली. तिनेही तोंडाला कुलूप घातलं.

आता तर त्या जागी झेलायला कुणी उभंही राहत नसे. व्हिडिओत ती पडते ना, मग पडायचंच.

दा-ओन पाणी प्यायला विंगेत आली. तिच्या पायांवर दुखण्यावरच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या आणि त्यांचा उग्र वास येत होता.

"बाई, पहिल्यांदा हे तुम्हीच केलंत ना? थापा मारताना मनात काय आणायचं हो?"

उत्तर योन-सुकच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात टाक सरांनी मान वळवून पाहिलं.

"सर सांगतात तेच आण," ती म्हणाली.

आता तिला स्वतःचीही किळस आली. राग काढायला कुणीतरी हवं होतं, तर फुलं घेऊन रंगमंचावर शिरलेला कुणा मुलीचा बाप सापडला. "अहो, बूट काढा आधी! घरात असेच बूट घालून शिरता का?" ती त्याच्यावर खेकसली. बिचारा फुलं तिथेच टाकून पळाला.

संध्याकाळी सभागृह भरलं. दा-ओन धावली, उडाली, पडली. विंगेतल्या योन-सुकला काडकन आवाज ऐकू आला. दा-ओन थापा मारू लागली, मुलींनी उत्तर दिलं. संगीत पुढे सरकलं. आता तिने उठायचं होतं. ती उठली नाही, जमीन बडवतच राहिली. मागच्या मुली गोंधळल्या आणि त्याही बडवत राहिल्या. सगळ्यांच्या एका लयीत तिच्या थापा पार बुडून गेल्या.

"व्वा!" शेजारी उभे असलेले टाक सर पुटपुटले. "आज चेहरा आला बघ पोरीचा. तुझ्याहून सरस."

"सर, तिला लागलंय. पडदा पाडा."

"वेड लागलंय का तुला? रेकॉर्डिंग चालू आहे."

पायातल्या बुटांसकट योन-सुक सरळ रंगमंचावर गेली. लंगडत, खाडखाड आवाज करत ती दा-ओनपाशी पोचली, खाली बसली आणि तिचा बडवणारा हात तिने घट्ट धरला. मग अंधाराकडे तोंड करून ती ओरडली, "थांबवा! थांबवा म्हणते ना!"

संगीत थांबलं. मग सभागृहातले लोक एकेक करत उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. योन-सुकला त्या टाळ्यांचीही किळस आली.

दा-ओनचा घोटा मोडला होता. तशीच उठून नाचली असती तर पाय कायमचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. योन-सुकची नोकरी गेली. त्याचं तिला वाईट वाटलं नाही. फार वर्षांनी तिला घास गोड लागत होता.

पुढच्या वर्षी प्रयोगाच्या आधी नोहचा फोन आला.

"बाई, बऱ्या आहात ना? एक छोटीशी शंका होती. सर म्हणाले, तुम्हालाच विचार. ती शेवटी बूट घालून येणारी बाई बसवतोय आम्ही. मुलगी छान करतेय, ओरडणंही जमलंय. फक्त व्हिडिओत नीट कळत नाहीये... तुम्ही लंगडता, ते उजव्या पायाने की डाव्या?"