शंभूच्या म्हाळाचं पान

कावळा काही येईना. परसातल्या दगडी गडग्यावर केळीचं पान वाढून ठेवलं होतं. वडे, खीर, खतखतं, सगळं होतं. दोन कावळे माडावर बसले होते खरे, पण आमंत्रण शेजारच्यांना असावं तसे ते भलतीकडेच बघत होते. नार्व्यातल्या त्या घरात आज शंभूचा पितृपक्षातला म्हाळ होता, आणि कावळा पानाला शिवल्याशिवाय घरातलं कोणी घास घेणार नव्हतं.

म्हाळ करत होता धाकटा भाऊ सुदेश. शंभूला मूलबाळ नव्हतं म्हणून हे काम त्याच्या वाट्याला आलं. नाहीतर डिचोलीच्या बाजारातलं दुकान बंद ठेवून तो या घराची पायरी चढलाच नसता. नऊ वर्षं दोघा भावांचं बोलणं बंद होतं. दोन वर्षांपूर्वी शंभू हृदयविकाराने गेला, तेव्हा तर बोलायचा प्रश्नच मिटला.

कारण गावभर ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी, वडिलांच्या म्हाळाला, याच गडग्यावर असंच पान ठेवलं होतं. तेव्हाही कावळा तास-दीड तास अडून बसला होता. आणि सगळ्या सोयऱ्यांदेखत शंभू झोकांड्या खात गडग्याशी गेला आणि बापाच्या पानातलं बकाबका खाऊ लागला. अंगातला सदरा घामाने भिजलेला, डोळे तारवटलेले. प्यालाय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. खाणीवर ट्रक चालवणारा माणूस, त्याच्या बाबतीत लोकांना पुरावा लागतो कुठे? सुदेशने त्याच्या हातातला वडा हिसकावून मातीत फेकला होता.

"बापायच्या पानार हात घालता तो माझो भाव न्हय," असं तो म्हणाला होता.

आज पाऊण वाजता भटजी म्हणाले, "आता पान भायर व्हरात." तेवढ्यात सुदेशने कोपऱ्यात जाऊन पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेतली. सहा वर्षांची सवय होती त्याची. सुई घ्यायची, अर्धा तास इकडचं तिकडचं करायचं, मग पाटावर बसायचं. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी औषध बदललं. हे नवं दहा-पंधरा मिनिटांत काम सुरू करतं, ताट पुढ्यात आल्यावरच घ्या, असं त्यांनी दोनदा बजावलं. सुदेशने दोनदा मान डोलावली. पेन उन्हात ठेवायचं नाही, एवढं मात्र त्याने मनावर घेतलं होतं. सकाळपासून ते ओल्या फडक्यात गुंडाळून तो तळहाताच्या फोडासारखं जपत होता. औषध सांभाळलं, वेळ सांभाळायची तेवढी राहून गेली.

सव्वा वाजला तरी कावळे जागचे हलेनात.

"तेंच्या मनात कितें तरी उरलां," भटजी म्हणाले. "उलयात तेंच्याकडे."

सुदेश पुढे झाला. "शंभूदादा, वयनीक आमी सांभाळतले. आता जेवूक ये."

कावळा ढिम्म. तुला माफ केलं, असं म्हणायचं सुदेशच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्याने ते गिळलं. सगळ्यांसमोर आपणच का नमतं घ्यायचं? चूक कोणाची होती?

मग त्याच्या मानेवर घाम फुटला. हात कापू लागले. माड, गडगा, माणसं सगळं लांब लांब जाऊ लागलं. पुढचं त्याला काही कळलं नाही. कळलं तेव्हा त्याच्या तोंडात खीर होती, बोटं बरबटली होती आणि गडग्यावरचं पान अर्धं रिकामं झालं होतं.

"अहो, कितें करतात हें?" त्याची बायको तारा किंचाळली.

"दोगांयक एकच खोड," मागून कोणीतरी म्हणालं.

शंभूची बायको विनोदिनी पायऱ्या उतरून धावत आली. तिने पानाकडे पाहिलं नाही, लोकांकडेही नाही. साखरेच्या पाण्याचा तांब्या तिने थेट सुदेशच्या तोंडाला लावला.

"पी. पयलीं सगळें पी. सुई घेतिल्ली मगे?"

तो प्यायला आणि गडग्याला टेकून बसला. हळूहळू सगळं जागेवर आलं.

"वयनी, तुका कशें कळलें?"

"बारा वर्सां तेंका हांवेंच सुई दिली," ती म्हणाली. "बाटली फ्रिजात सोलांच्या बरणीआड लिपोवन दवरताले. साखर आसा, सुई घेता अशें खाणीर कळिल्लें जाल्यार ट्रकार बसूंक दिले नासते. त्या दिसाय सुई घेतिल्ली, आनी कावळो आयलो ना."

सुदेशच्या डोळ्यांपुढे मातीत पडलेला तो वडा आला. जीव वाचवू पाहणाऱ्या माणसाच्या हातातला घास आपण हिसकावला होता. नऊ वर्षं त्याला चोरासारखं वागवलं, आणि आताही आपण त्यालाच माफ करायला निघालो होतो. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मगे माका सांगलें कित्याक ना, वयनी?" तो हुंदका देत म्हणाला. "एकदां तरी सांगपाचें!"

ताराने मान खाली घातली. विनोदिनीने पदराने त्याची बरबटलेली बोटं पुसली.

"दुसऱ्याच दिसा ते बाटली घेवन तुज्या घरा आयिल्ले, तुका दाखोवपाक. तू भितरसून बायलेक म्हणालो, 'घरांत ना म्हण.' तें तेंनी दारांत उबे रावन आयकलें."