नावाची जागा

नावापाशी आवाज पुन्हा अडकला.

"गो..." एवढं म्हणून दीपमाला थांबली. रेकॉर्डिंगच्या काचेच्या अलीकडं इंद्रजीतनं हेडफोन काढून ठेवले. गाणं तेच असायचं, डीजेवर वाजणारं, हळदीचं. फक्त नवरा-नवरीच्या नावांची जागा मोकळी असायची. ती नावं दीपमाला एका दमात गाऊन बसवायची. गायला लागून तिला वर्षही झालं नव्हतं, पण यंदा निम्म्या जिल्ह्याच्या हळदी तिच्याच आवाजावर नाचल्या होत्या. आज मात्र एक साधं नाव निघेना.

"सासऱ्याचं नाव असल्यासारखी काय अडखळतीस?" इंद्रजीत म्हणाला.

"घसा धरलाय दादा. पाणी पिते."

तेवढ्यात फोन वाजला. डीजेवाला प्रणय. इंद्रजीतनं स्पीकर लावला.

"सर, संध्याकाळी कन्नडला हळद हाय. काकासाहेबांच्या पुतण्याची. गाणं नाय पोचलं, तर सीझनची सगळी कामं जालन्याच्या स्टुडिओला देतो. तिथं नवी पोरगी आलीया, लई भारी गाती."

फोन बंद झाला. टीव्ही सेंटर चौकातल्या माडीवरची ती स्टुडिओची एक खोली प्रणयच्या कामावरच चालत होती. हे दोघांनाही ठाऊक होतं.

"म्हणजे माझंबी काम गेलं," दीपमाला म्हणाली.

"मग घे की नाव."

"पत्रिका दाखवा परत."

त्यानं मोबाइल पुढं केला. पत्रिकेवरचा फोटो तिनं दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"नवरी लहान दिसती."

"सोनिया. आणि नवरदेव गोकुळ. अवघड काय आहे त्यात?"

"काय नाय."

कोपऱ्यात गोधडीवर झोपलेली तिची लेक उठली आणि रडू लागली. पहिल्या बाळंतपणाला दीपमाला फुलंब्रीला माहेरी आली, ती अजून तिथंच होती. मालक पुण्याला कंपनीत. न्यायला येणार होते, पण दरवेळी ड्यूटी आडवी यायची. ती जीपनं पोरीला कडेवर घेऊन शहरात यायची आणि गाऊन परत जायची. इंद्रजीत एकदा म्हणाला होता, "तुमच्या दोघांच्या नावाचं एक गाणं फुकट करून देतो. नाव सांग त्यांचं." ती लाजून लाल झाली होती. "आमच्यात नाय घेत नवऱ्याचं नाव."

आता तिनं पोरीला उचललं, तिचे डोळे पुसले आणि त्याच्याकडं दिलं.

"दादा, हिला जरा गॅलरीत फिरवता? मी एकटीच घेते. बटणं येतात मला."

त्यानंच शिकवली होती. तो उठला.

"आणि दुसऱ्या कडव्यात नावं माझ्या पद्धतीनं घेऊ का?"

"कशीबी घे, पण घे."

"ह्या गाण्यात माझं नाव येईल का हो?"

हे ती दरवेळी विचारायची, आणि तो दरवेळी म्हणायचा, पुढच्या गाण्याला नक्की. गाण्यावर नाव प्रणयचंच लागायचं. आज त्याला तेही म्हणवेना.

"बघू," तो म्हणाला.

गॅलरीत पोरगी त्याची कॉलर ओढत गप्प झाली. खाली रिक्षा खोळंबल्या होत्या. दार उघडलं, तेव्हा दीपमालाचे डोळे लाल होते, आवाज मात्र मोकळा होता.

"झालं."

त्यानं सुरुवात ऐकली. 'गोकुळ-सोनिया', खणखणीत. पुढचं ऐकायला वेळच नव्हता. घाटात नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून त्यानं पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि स्वतःच निघाला.

"जपून जा दादा," पोरीला खांद्यावर थोपटत ती म्हणाली. "अन् आवाज मोठा ठेवायला सांगा."

दौलताबादच्या वेशीत गाड्या अडकल्या. प्रणयचे फोनवर फोन. इंद्रजीत नुसता हॉर्न वाजवत होता.

कन्नडला पोचला तेव्हा मांडवात दिवे लागले होते. प्रणयनं पेनड्राइव्ह हातातून हिसकावूनच घेतला. अंगभर हळद लावलेल्या नवरदेवाला मित्रांनी मध्ये ओढलं. ठोका पडला, छातीत घुमला. 'गोकुळ-सोनिया' आलं तशी शिट्ट्यांनी मांडव दणाणला. प्रणयनं लांबूनच अंगठा दाखवला. दिवसभरात पहिल्यांदा इंद्रजीतनं मोकळा श्वास घेतला.

सोफ्यावरून काकासाहेबांनी त्याला जवळ बोलावलं. "झकास. गातंय कोण?"

"आपलीच पोरगी हाय, फुलंब्रीची."

काकासाहेबांचं हसू जरा उतरल्यासारखं वाटलं. नवरदेवही नाचता नाचता थांबला होता, स्पीकरकडं बघत.

दुसरं कडवं आलं. ठोका एकदम थांबला, मांडव शांत झाला, आणि चारी स्पीकरमधून नुसता तिचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द सुटा:

"मांडीवर लेक माझ्या, दारी मांडव-झालरी,
गोकुळरावांचं नाव घेते दीपमाला, पहिली नवरी."