वरातीतलं शर्यतीचं इंजिन

नवऱ्यामुलानं चर्चमध्ये थांबून नवरीची वाट बघायची, ही लेबनॉनच्या डोंगरातली रीत. पण घाटातल्या शर्यती जिंकणारा वदीह वाट कसली बघतोय? नवरीला, नहलाला आणायला तो स्वतःच शर्यतीची गाडी घेऊन निघाला.

“बापाची मर्सिडीज ने, लेका,” त्याचं इंजिन बांधणारे जिर्जिसमामा म्हणाले. “तिच्यात ताकद शंभर घोड्यांचीच, पण मुंगीच्या चालीनं दिवसभर चालेल. तुझ्या इंजिनाचे चारशे घोडे मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर जागे होतात. तिथं ते पोटभर हवा गिळतं. फेऱ्या कमी झाल्या की गुदमरतं.”

“मामा, मी आहे ना!”

नहलाला शेजारी बसवून वरात चर्चकडे निघाली. पुढे ढोल, त्यांच्यापुढे हातात हात घालून नाचणारे काका-मामा. दहा पावलं चालायचं, पाच मिनिटं नाचायचं. इंजिन सारखं आचके देई आणि ते बंद पडू नये म्हणून वदीह सारखा रेस देई. नहला काहीतरी म्हणाली. “काय?” वदीह ओरडला आणि पुन्हा रेस दिली. तिनं पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा रेस दिली. अखेर चर्चच्या पायऱ्यांसमोर इंजिनानं मान टाकली. ढोलवालेही दचकून थांबले.

“घरापासून एकच विचारतेय,” त्या शांततेत नहला म्हणाली. “संसार या वरातीच्या चालीनंच चालतो. तुला जमेल का? जमणार असेल तरच मी पायऱ्या चढते.”

“जमेल की!” वदीह म्हणाला.

नहला त्याच्या पायाकडे बघत होती. बंद पडलेल्या इंजिनाला तो पाय अजूनही रेस देत होता.