संघपालचा पुतळा

कोराडीच्या स्टॉपवर गिरिधर हरडे बसमधून उतरले, तेव्हा पानठेल्यावरच्या कोणीच त्यांना ओळखलं नाही. त्यांना ते बरंच वाटलं. एकेकाळी याच जागी लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं. पुढे याच जागी त्यांच्या गाडीवर थुंकलेही होते.

चौकात उद्याच्या अनावरणासाठी मांडव घालणं चाललं होतं. लाल झेंडे, लाल पताका आणि मधोमध कापडाने झाकलेला संघपाल गजभियेचा पुतळा. गिरिधरभाऊंना उद्याचं बोलावणं नव्हतं. मान खाली घालून ते मांडवाच्या मागच्या गल्लीत शिरले.

आज त्यांना बोलावलं होतं ते संघपालच्या बायकोने, सिंधूताईने. "आई म्हणते, एकडाव येऊन जा," एवढंच तिची मुलगी सरिता फोनवर बोलली होती.

गिरिधरभाऊंचं सारं राजकारण संघपालच्या मरणावर उभं राहिलं होतं. वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या एका ठेकेदाराच्या मजुरांचा संप त्यांनी ऐन तरुणपणी पुकारला. ठेकेदाराने काही मजूर फोडले आणि त्यांना बसमध्ये भरून कामावर न्यायला सुरुवात केली. "बस गेटपर्यंत पोचली नाही पायजे," असं गिरिधरभाऊंनी पोरांना बजावलं. पोरांचे दगड उडाले, ठेकेदाराच्या माणसांच्या लाठ्या चालल्या, पळापळ झाली. धूळ खाली बसली तेव्हा संघपाल रस्त्यावर पडलेला होता, डोकं फुटून. लाठीनेच गेला, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. गिरिधरभाऊंनी स्वतःच्या हातांनी त्याच्यावर लाल झेंडा पांघरला.

ठेकेदार नमला. निवडणुकीत संघपालचा फोटो घेऊन गिरिधरभाऊ गल्लोगल्ली फिरले आणि आमदार झाले. दर वर्षी शहीद दिनाला सिंधूताईला मंचावर बसवत. डोक्यावर पदर ओढून ती बसे, एक शब्द बोलत नसे. "हे दुःख शब्दात मावणारं नाही," असं गिरिधरभाऊ म्हणत, आणि टाळ्या पडत.

मग आमदारकी अंगात भिनली. दुसऱ्या संपात त्यांनी त्याच ठेकेदाराशी बंद खोलीत तडजोड केली. जुने मजूर घरी बसले. ठेकेदाराच्या मुलाच्या लग्नात गळ्यात हार घालून हसतानाचा त्यांचा फोटो पेपरात छापून आला. पार्टीने काढून टाकलं, पुढच्या निवडणुकीत डिपॉझिट गेलं. शहीद दिनाला मजुरांनी त्यांना धरून मंचावरून खाली उतरवलं, तेव्हा सिंधूताई तिथेच बसली होती. तिच्याकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. त्यानंतर त्यांनी कोराडीत पाऊल टाकलं नव्हतं.

सरिताने दार उघडलं. "जय भीम, भाऊ. या."

"जय भीम वं पोरी."

सिंधूताई दिवाणावर भिंतीला टेकून बसली होती. फार थकली होती. तिने सरिताला चहा ठेवायला आत पाठवलं.

"बसा, भाऊ."

ते उभेच राहिले. "वहिनी, उद्या मी येत नाही. तुमी त्याची फिकीर करू नोका."

"तो पुतळा थांबवा."

"मी? माह्यं आता कोन आयकते?"

"फोटो होता तवरिक निभवलं. आता चौकात उभं करून राहिले त्याहिले. लहान लहान पोट्टे हार घालतीन." सिंधूताई जरा पुढे सरकली. "उद्या मांडवात उभे राहा, भाऊ. लोकाईले खरं काय ते सांगा."

गिरिधरभाऊंना कळलं. इतकी वर्षं ज्याला घाबरून ते तोंड लपवत होते, तेच ती मागत होती. ते तिच्यासमोर फरशीवरच बसले.

"सांगतो. धक्के मारून काढलं तरी सांगतो. संघपालनं ज्याच्यासाठी जीव देल्ला, थेच मी इकून खाल्लं. त्याच्या मरणावर आमदार झालो, आन् त्याले मारणाऱ्याच्याच मांडीले मांडी लावून बसलो. मले त्याच्या फोटोकडे पाहाची लाज वाटते, वहिनी. तुमच्याकडेबी." बोलता बोलता त्यांना हुंदका आवरेना.

सिंधूताईने त्यांना रडू दिलं.

"मी तुमचं नाही म्हणून राहिली, भाऊ," ती म्हणाली.

त्यांनी डोळे पुसत वर पाहिलं. "मंग?"

"संप लांबला होता. घरात दाना नव्हता. ही सरिता तापानं फणफणून राहिली होती. थे नाहीच म्हणत होते. मीच पाठवलं, हात जोडून. आन् मंग तुमी झेंडा घेऊन दारात आले, शहीद म्हणाले. माह्या तोंडून शब्दच फुटला नाही."

"पाठवलं? कुठं, संपात?"

सिंधूताईने नकारार्थी मान हलवली.

"कामावर. थे त्या बसमंधी होते, भाऊ."