शेवटच्या घडातली बी

"कोणी खायचं नाही. एक घाससुद्धा नाही," घड्याळजींनी तंबी दिली आणि घडाची पहिली फणी सुरीने सोडवली.

स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती चौघे बसले होते. घड्याळजी, त्यांची बायको, मुलगा आणि सून. प्रत्येकासमोर एक चाळण आणि एक पातेलं. केळं सोलायचं, चाळणीवर कुस्करायचं, गर खाली जाऊ द्यायचा आणि वर काही उरतं का ते बघायचं. उरायला हवी होती एक बी. मिरीएवढी, काळी, टणक.

गोड केळ्यात बी नसते, हीच तर सगळी पंचाईत होती. परसातली त्यांची बुटकी केळ अशी गोड की पाहुणे पिशवी घेऊनच यायचे. पण तिला मर रोग लागला. एकेक झाड पिवळं पडून गेलं, बुंध्याशी फुटलेले कोंबही गेले. कुंपणापाशी आपोआप उगवलेली रानकेळ मात्र ठणठणीत. तिच्या फळात बियाच बिया, खाणं म्हणजे दातांशी वैर. एकीची गोडी आणि दुसरीची प्रकृती एकाच झाडात आणायची, असं घड्याळजींच्या डोक्यात शिरलं, ते काही निघेना.

आधी त्यांनी दोघींचे बुंधे कापून सुतळीने एकमेकांना बांधले. रोपवाटिकेचा मालक पोट धरून हसला.

"अहो, केळीला कलम लागत नाही! आंबा आहे का तो?"

मग त्यानेच खरी वाट दाखवली. रानकेळीचे पराग गोड केळीच्या फुलांना लावायचे, तेही उजाडताच. "शेकडो फळांत एक बी मिळाली, तरी नशीब काढलंत म्हणा."

चार वर्षं अख्खं घर त्या फुलांच्या मागे होतं. घड्याळं साफ करायच्या नाजूक ब्रशने घड्याळजी पराग लावत, मुलगा शिडी धरी, सून फुलांना रंगीत दोरे बांधी. बायको सुरुवातीला कुरकुरली. "घड्याळं सोडून आता केळींची लग्नं लावायला निघालेत." पुढे तीच सगळ्यांच्या आधी उठायला लागली.

तीन घड कोरडे गेले. हा चौथा. शेवटचं झाड गेल्या आठवड्यात आडवं झालं होतं. आज बी मिळाली नाही, तर ती केळ पुन्हा कोणाला दिसणार नव्हती.

पहिल्या फणीत काही निघालं नाही. दुसरीतही नाही. घड्याळजी उठून पाणी पिऊन आले, सून नवा टॉवेल घेऊन आली, मुलाने दोनदा हात धुतले.

"अगंबाई!" बायको एकदम किंचाळली. "अहो, हे बघा तरी!"

तिच्या चाळणीत काळा दाणा होता. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ बघितलं.

"बी आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला.

मग काय, घरात दिवाळखोरही नाचला असता असा गोंधळ उडाला. मुलाने आईला उचललं. ती "मेल्या, पाडशील" म्हणून ओरडत होती आणि हसतही होती. तेवढ्यात सुनेच्या चाळणीत दुसरी बी निघाली. तिसरी मुलाच्या. सगळ्यांचे हात आता नुसते धावत होते. शेवटून तिसऱ्या केळ्यात घड्याळजींच्याच चाळणीत चौथी अडकली.

चारही बिया वाटीत घेऊन ते कुंडी भरायला परसात गेले. इतक्या झपझप चालताना त्यांना कित्येक दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं.

सून चाळण्या धुवायला लागली. शेजारी सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या.

"आई, आनंदाने ना?"

"नाही गं. माझी बी खोटी आहे. यांच्या कपाटात रानकेळीच्या बियांची बाटली आहे ना, त्यातली काढली. यांना रिकाम्या हाताने उठताना बघवलं नसतं मला."

सुनेच्या हातातली चाळण मोरीत पडली. "आई, मीही तेच केलं."

दारात मुलगा उभा होता. कान लाल झालेले. "माझीही बाटलीतलीच," तो म्हणाला.

चार वर्षं ज्यांना एक बी मिळवता आली नव्हती, ते आज तीन बियांनी घरच्याच माणसाला फसवून बसले होते. सुनेने बोटांवर बिया मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"थांबा," ती म्हणाली. "आपण तिघं. बिया चार."

तिघे एकदमच दाराकडे धावले. सासूबाई सगळ्यांत पुढे, एका पायात चप्पल.

"बाबा!" मुलगा लांबूनच ओरडला. "रागावू नका, पण तीन बिया आम्हीच घातल्या होत्या! एक आईने, एक मी, एक हिने. पण चौथी, बाबा, तुमच्या चाळणीतली! चौथी खरी आहे!"

घड्याळजी कुंडीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी हातातली माती हळूच खाली ठेवली आणि तिघांच्या फुललेल्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघितलं.

"चौथी मी घातली होती," ते म्हणाले.