आधी हाक

अप्पांना दिसत नसे आणि त्यांच्या कानातल्या यंत्रात बसवलेली भिंत फक्त त्यांनी आधी हाक मारलेल्या माणसाचंच उत्तर आत सोडायची. त्यांची मुलगी इरावती सकाळपासून पडद्यावर त्या भिंतीचे नियम तपासत होती. बदलायला अप्पांचीच संमती लागे.

‘‘नियम बरोबर आहेत,’’ तिचा नवरा म्हणाला. ‘‘अप्पा तुझ्याशी आपणहून कधी बोललेत का?’’

नव्हते. आईखेरीज ते कुणालाच हाक मारत नसत; जन्मभर तिलाच सांगत, ‘‘तिला म्हणावं, जेवून जा.’’ आई मंगळवारी हॉस्पिटलात वारली, तेही त्यामुळे त्यांना कुणी सांगू शकलं नव्हतं.

तिने त्यांचा हात धरला. त्यांनी तिच्या करंगळीवरचा जुना व्रण चाचपला.

‘‘इरावती?’’

पडद्यावर तिच्या नावापुढे हिरवी खूण उमटली.

‘‘आई कुठाय गं तुझी? कधीपासून हाका मारतोय.’’

आता तिचा आवाज आत जाणार होता. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.