मनगटावरचं नाव

डॉक्टरांनी नवराबायकोचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. एचआयव्ही दोघांनाही लग्नाआधीपासूनच होता, म्हणून तर त्यांचं जमलं होतं. आता दोघांच्या रक्तात हिपॅटायटिस सी सुद्धा निघाला होता.

"आदिनाथ, तुम्हाला हा लग्नाआधीच्या त्या अपघातात चढवलेल्या रक्तातून आला असणार. तीन महिने गोळ्या घ्या, बरे व्हाल."

आदिनाथला हायसं वाटलं. मग त्यानं बायकोकडं पाहिलं. रेश्माच्या पोटात पाणी झालं होतं, डोळे पिवळेधमक झाले होते. तिचं लिव्हर पार कामातून गेलं होतं.

"यांना मात्र फार उशीर झालाय," डॉक्टर म्हणाले. "हा रोग रक्तातून पसरतो. दोघांत कधी एकच सुई वापरली होती?"

"न्हाय की," रेश्मा पटकन म्हणाली आणि तिनं मनगटावर पदर ओढून घेतला.

पदराखाली 'आदिनाथ' गोंदलेलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या गड्ड्याच्या जत्रेतलं. आधी आदिनाथच्या हातावर 'रेश्मा' गोंदून झालं, तसा गोंदणारा नवी सुई काढायला लागला. आदिनाथनंच हसत त्याचा हात धरला होता.

"नवी कशाला? आमचं दुखणं एकच हाय. फकस्त आमचं झालं की मोडून टाक बाबा, दुसऱ्या कुणाला लागाया नगं."

गोंदणाऱ्यानं ती त्यांच्यादेखत मोडली. त्या सुईनं दुसऱ्या कुणालाच काही झालं नाही.